शून्य किलोचा बोकड

मे महिन्यातला पहिला शनिवार. रक्कम एक रुपया, नाणं. देणारे सलीमभाई, बोकडांचे व्यापारी, राहणार खुलताबाद. घेणाऱ्या भागाबाई, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या, राहणार देवगाव रंगारीच्या पुढची एक वस्ती. हजर : शेळीपालक गटाचे अध्यक्ष आप्पा, आमच्या कंपनीचे मालक बोराडे साहेब, मी, बाजारातली पन्नासेक माणसं आणि एक काळा बोकड. बोकडाचं वजन त्या क्षणी छापील पावतीप्रमाणे शून्य किलो शून्य ग्रॅम होतं.

काटा आमच्या कंपनीचा होता. त्या काट्याला झोपवायचं आणि उठवायचं काम माझं.

हे वाक्य मी नातेवाइकांत बोललो की लोक विषय बदलतात. म्हणून आधी धंदा समजावून सांगतो. मी साळवे. राहायला मुकुंदवाडीत, नोकरी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, अकरा माणसांच्या कंपनीत. आम्ही वजन करून पावती देणारी यंत्रं बनवतो. अशा यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्यावर एक मुख्य प्रणाली चालते, ऑपरेटिंग सिस्टिम. ही प्रणाली म्हणजे मोठ्या घरातला कर्ता माणूस. हुकूम सगळ्यांना सोडतो, पण स्क्रीन, छपाईयंत्र, काटा यांतल्या एकाचीही भाषा त्याला येत नाही. म्हणून प्रत्येकासाठी एक दुभाष्या ठेवावा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. सत्तावीस वर्षं मी असे दुभाषे लिहितो आहे.

दुभाष्याची खरी परीक्षा काम चालू असताना होत नाही, झोपताना आणि उठताना होते. बॅटरी वाचवायची म्हणून यंत्र थोडा वेळ कोणी हात लावला नाही की झोपतं. त्या वेळी कर्ता प्रत्येक दुभाष्याकडे जाऊन सांगतो, "झोपायचं आहे. तुझ्या यंत्राच्या लक्षात जे जे आहे ते लिहून ठेव. वीज गेली की ते सगळं विसरणार आहे." सगळ्यांनी "झालं" म्हटलं की वीज कापली जाते. यात क्रम महत्त्वाचा. आधी छपाईयंत्र, स्क्रीन, काटा झोपतात. ज्या तारेवरून ही मंडळी बोलतात ती तार सगळ्यांत शेवटी. उठताना नेमकं उलटं, आधी तार.

दिवाळीत गावी जाताना मी घर असंच बंद करतो. आधी फ्रिज, मग गीझर, मग टाकीची मोटर, शेवटी मेन स्विच. सुनंदा, माझी बायको, या क्रमाला हसते. एका वर्षी ती माझ्या आधी परत आली, थेट गीझर लावायला गेली आणि तो लागत नाही म्हणून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने मेन वर केला आणि दीडशे रुपये घेऊन गेला. आमच्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारी याच जातीच्या असतात.

उठवायचं कोणी, हाही प्रश्न असतो. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून घरातले सगळे झोपतात, पण सुनंदाचा एक कान नळाकडे असतो. पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करतो. तिने हाक मारली की मग बाकीचे बादल्या घेऊन धावतात. यंत्रातही असंच असतं. सगळे झोपतात, एकाचा कान उघडा ठेवायचा. आमच्या काट्यात दोन गोष्टींनी जाग यायची, बटण दाबलं तर किंवा वरचं वजन हललं तर.

हे काम नीट झालं तर ते झालंय हे कोणालाच कळत नाही, हे त्याचं दुर्दैव. बिघडलं तरी कधीकधी कळत नाही. खुलताबादच्या एका फोटोवाल्याचा संगणक झोपेतून उठायचा, पण स्क्रीन काळीच राहायची. स्क्रीनचा दुभाष्या झोपेआधी उजेड किती होता ते विसरायचा आणि काहीच नव्हता असं धरून चालायचा. ते गृहस्थ चार महिने टेबलावरच्या दिव्याची मान वाकवून स्क्रीनवर प्रकाश पाडून लग्नाचे फोटो निवडत होते. मी विचारलं, "तक्रार का नाही केली?"

"मला वाटलं, झोपेतून उठलंय, डोळे उघडायला वेळ लागत असंल," ते म्हणाले.

आता बोकड.

आप्पांच्या गटाने ठरवलं होतं की यापुढे बोकड डोळ्यांच्या अंदाजाने विकायचा नाही, किलोवर विकायचा. डोळ्याचा अंदाज पाळणाऱ्याचा नेहमी वर जातो आणि व्यापाऱ्याचा नेहमी खाली, आणि मधल्या जागेत भांडणं होतात. काटा पसंत पडला तर गट वीस यंत्रं घेणार होता. बोराडे साहेबांनी आम्हाला बजावलं होतं की ही वीस यंत्रं गेली तरच सॉफ्टवेअर विभाग राहील. विभागात आम्ही तिघे. दोघे तरुण, त्यांना पुण्यात कोणीही घेईल. मला बावन्नाव्या वर्षी कोण घेणार, हा हिशेब मी करून ठेवला होता आणि उत्तर घरी सांगितलं नव्हतं.

पहिल्या बाजारात बोराडे साहेबांनी माईक हातात घेतला आणि उत्साहाच्या भरात एक घोषणा केली. "स्क्रीनवर काय दिसतं, कोण काय म्हणतं, सोडून द्या! छापील पावतीवर येईल तेच वजन खरं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

पहिला बोकड भागाबाईंचा. तो चढला, स्क्रीनवर पस्तीस किलो शंभर ग्रॅम आलं, सगळ्यांनी पाहिलं. मग किलोचा भाव ठरवायचा होता, आणि इथे आमचा घात झाला. या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. बघणाऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसतो. भागाबाईंच्या वतीने पूर्वी त्यांचे दीर बोटं धरायचे. दिरांनी दोन सौद्यांत मधल्यामधे खाल्लं हे कळल्यापासून बाई स्वतः धरतात, आणि त्यांनी धरलेलं बोट लवकर सुटत नाही. सलीमभाईही चिवट. दोघं आकाशाकडे बघत उभे, रुमाल हलतोय, बाईंचा दुसरा हात बोकडाच्या मानेवर, त्यामुळे तो शांत. काट्याला वाटलं, काम संपलं. दीड मिनिट कोणी हात लावला नाही, तो झोपला. आमच्या ऑफिसात कोणत्याही वस्तूचं वजन करायला दीड मिनिट लागत नाही. घासाघीस कोणी करत नाही.

चारशे ऐंशीवर बोटं जुळली. बाईंनी मानेवरचा हात काढला, बोकड हलला, काटा जागा झाला. बोराडे साहेबांनी मोठ्या झोकात पावतीचं बटण दाबलं.

सलीमभाईंनी पावती वाचली, उलटी केली, परत वाचली. "साळवेसाहब, जीरो किलो. जीरो को चारसौ अस्सी से गुना करो. आप तो पढ़े-लिखे हो."

"पस्तीस दिसत होतं की!" बाई म्हणाल्या. "समद्यांनी बघितलं."

"देखा होगा. पर सेठ क्या बोले माइक पे? पावती में आयेगा वोइच सही." सलीमभाईंनी बोकडाला खाली उतरवलं. स्क्रीनवर उणे पस्तीस किलो शंभर ग्रॅम आलं.

बाईंनी ते बघितलं मात्र. "हे बघा! आता तर उणं दावतंय. म्हंजी बोकड तर गेलाच, वर मीच पस्तीस किलो देणं लागते व्हय तुमचं?"

पन्नास माणसं हसली. सलीमभाईही हसले आणि हसत हसतच त्यांनी खिशातून एक रुपया काढून बाईंच्या हातावर ठेवला. "लो, इसार." बाईंनीही हसत हसत तो पदराच्या गाठीला बांधला.

हसू लगेच थांबलं. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. एकदा एकाचा इसार घेतला की दुसरा व्यापारी त्या जनावराला हात लावत नाही, मग इसार एक रुपयाचा असो की हजाराचा. भाव रुमालाखाली ठरलेला, वजन पावतीवर शून्य, इसार बाईंच्या पदरात. वर्षभर सांभाळलेला, ईदच्या बाजारासाठी राखलेला बोकड बाईंना आता सलीमभाईंशिवाय कोणालाच विकता येत नव्हता. आणि ईद झाली की त्याच बोकडाला निम्मी किंमत.

"मजाक केली असंल तर इसार परत घ्या," आप्पा म्हणाले.

"मजाक काय की? मशीन ने किया, मैं ने नहीं किया," सलीमभाई म्हणाले. "तीस साल से नजर से वजन बताता मैं. एक किलो इधर-उधर नहीं. अब मशीन लाये ना? भुगतो."

आप्पांनी निवाडा दिला. दोन आठवड्यांनी ईदच्या आधीचा शेवटचा बाजार. तेव्हा कंपनीने हाच काटा, याच बोकडाखाली, सगळ्यांसमोर पुन्हा चुकवून दाखवायचा. चूक यंत्राची होती हे दिसलं तर खरं वजन धरायचं. नाही दिसलं तर पावती खरी, आणि बोकड शून्य किलोच्या भावाने सलीमभाईंचा. "नुसतं दुरुस्त करून आणाल तर ते म्हणतील, त्या दिवशीबी दुरुस्तच होतं," आप्पा म्हणाले.

परत येताना गाडीत बोराडे साहेब म्हणाले, "साळवे, चारचौघांत आपलंच मशीन चुकवून दाखवायचं? वीस यंत्रांची ऑर्डर आहे."

"नाही दाखवलं तर बाईंचा बोकड जातो, साहेब. आणि माईकवर तुम्ही बोललात."



चूक शोधायला मला एक दुपार लागली. काट्यातली वजन वाचणारी चकती, म्हणजे चिप, बाहेरून आलेली, तिचा दुभाष्या तिच्याबरोबरच आलेला. तो मी उघडून बघितला. झोपण्याच्या जागी एकच ओळ : "झालं." उठण्याच्या जागी एकच ओळ : "झालं." कर्ता विचारत होता, सगळं लिहून ठेवलंस का? हा न लिहिता मान हलवत होता. वीज गेली की चकती सगळं विसरायची आणि उठल्यावर तिला वाटायचं, आपण आत्ताच जन्मलो. नवीन काटा जन्मल्यावर पहिलं काम काय करतो? वर जे असेल त्याला शून्य धरतो. वर भागाबाईंचा बोकड होता.

आम्ही चाचण्या केल्या नव्हत्या का? केल्या होत्या, दोनशेवर. पण लोखंडी वजनांनी. लोखंड हलत नाही. काटा झोपला की आम्ही बटण दाबून उठवायचो, आणि त्या वाटेने उठला की पावतीचा प्रोग्रॅम चकतीत जुनं शून्य आठवणीने भरायचा. वजन हललं म्हणून जागा झाला तर ती वाटच वेगळी, तिथे कोणी विचारायला नव्हतं. तेव्हा चूक पुन्हा घडवायची तर वर जिवंत, आपल्या मर्जीने हलणारं काहीतरी हवं. मी स्वतः उभा राहून बघितलं. पण मला झोपेची वेळ माहीत असल्याने मी एकतर फार हलायचो किंवा श्वासच घ्यायचो नाही. त्यामुळे मी बोकड भाड्याने मागितला.

जोशी मॅडम आमचे हिशेब बघतात. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. "बोकड, नग एक, दोनशे रुपये रोज, चारा वेगळा. हे कशात टाकू? आपल्या हिशेबात दोनच खाती आहेत, मालमत्ता आणि उपभोग्य वस्तू."

"मालमत्ता नाही. परत द्यायचा आहे."

"मग उपभोग्य लिहिलं तर लेखापरीक्षक विचारेल, उपभोगला कोणी?"

शेवटी 'यंत्रसामग्री भाडे' यावर तडजोड झाली.

बोकड आला, बरोबर भागाबाईही आल्या. "त्यो एकला कुठं ऱ्हात नाय," त्या म्हणाल्या. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, पण त्या काट्याशेजारी जमिनीवरच बसल्या आणि दोन दिवस माझ्या कामावर देखरेख केली. पहिल्या दिवशी बोकड एक क्षण स्वस्थ उभा राहिना. काटा झोपायचाच नाही. बाईंनी मानेवर हात ठेवला की बोकड शांत, काटा झोपला. हात काढला की बोकड हलला, काटा जागा, वजन शून्य. दहा वेळा केलं, दहाही वेळा शून्य. माझ्या जन्मात एखादी चूक बघून मला इतका आनंद झाला नव्हता.

"हसताय काय? माझा बोकड शून्य झाला म्हून?" बाई म्हणाल्या.

"मावशी, चूक सापडली की अर्धं काम झालं."

"मंग आर्धं भाडं कापू नका."

मग मी नवा दुभाष्या लिहिला. झोपायच्या आधी काट्याचं शून्य लिहून ठेवायचं, उठल्यावर चकतीला पहिल्यांदा तेच सांगायचं, आणि वर काय आहे याचा विचार तिला करू द्यायचा नाही. पहिल्या प्रयत्नात क्रम चुकला. काटा तारेच्या आधी उठला, झोपलेल्या तारेवर बोलायला लागला, आणि जे उलट आलं ते स्क्रीनवर छापून मोकळा झाला. साडेसहा हजार किलोच्या वर आकडा.

बाई उठून उभ्या राहिल्या. स्क्रीनवरचा एकेक आकडा त्यांनी बोटाने मोजला. "साहेब, झालं. आता हात लावू नका. हेच राहू द्या."

"हे चूक आहे, मावशी."

"शून्य झालं तवा तुमचं मशीन खरं, आन् माझ्या बाजूनं झालं की चूक?"

मी क्रम दुरुस्त केला. त्या मनापासून नाराज झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुना दुभाष्या एका काट्यात आणि नवा दुसऱ्यात असे दोन काटे तयार होते. जुन्यावर लाल पट्टी लावली, नव्यावर हिरवी. बोराडे साहेब येऊन लाल पट्टीकडे बघत राहिले, म्हणाले, "घेऊनच जायचा का हा?" मी म्हटलं, घेऊनच जायचा.

शेवटच्या बाजाराला गर्दी दुप्पट. शून्य किलोचा बोकड बघायला लोक लांबून आले होते. एवढ्या दिवसांत बाजाराने वजनाची विद्याही शिकून घेतली होती. जिकडे बघावं तिकडे पाळणारे बोकडांना घमेल्यांतून पाणी पाजत होते, काहींनी आदल्या दिवसापासून मीठ चारलं होतं म्हणे. भागाबाईंचा बोकड पोट तट्ट करून उभा होता. मी घमेल्याकडे बघितलं, बाईंनी दुसरीकडे बघितलं.

लाल पट्टीचा काटा मांडला. बोकड चढला. छत्तीस किलो सातशे. आप्पांनी आकडा मोठ्याने वाचला. सलीमभाई पुढे आले. "हाथ कोई नहीं लगायेगा. बाई भी नहीं, साहब भी नहीं. मशीन अपने आप गलती करेगी तो मानता मैं."

ठीक होतं. ऑफिसात हाच बोकड हाताशिवाय क्षणभर उभा राहत नव्हता. माझी भीती एवढीच की काटा झोपणारच नाही.

बोकड दगडासारखा उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं, पोटात घमेलंभर पाणी, दोन दिवस काट्यावर चढ-उतर करून त्याला या जागेची सवय झालेली. दीड मिनिट झालं, स्क्रीन काळी झाली. लोकांत "झोपला, झोपला" अशी कुजबुज झाली. आता फक्त बोकडाने एकदा हलायचं होतं.

तो हलेना. कान हलवला, पण कानाचं वजन काट्याला कळण्याइतकं नव्हतं. कोणीतरी शिट्टी वाजवली, आप्पांनी त्याला झापलं. बोराडे साहेब माझ्या कानात म्हणाले, "साळवे, हा तर अगदी लोखंडासारखा उभा आहे." मला त्यांच्या आवाजात किंचित आशा ऐकू आली, यंत्र चुकणार नाही याची. भागाबाईंनी माझ्याकडे बघितलं. दोन दिवस माझी टिंगल करणाऱ्या बाईंनी पदराची गाठ मुठीत धरली होती. मला त्या क्षणी वीस यंत्रं आठवली नाहीत. सत्तावीस वर्षं मी यंत्रं चुकू नयेत म्हणून पगार घेतला, आणि आता भर उन्हात उभा राहून मनात म्हणत होतो, चूक, बाबा, एकदा चूक.

"और कितनी देर?" सलीमभाईंनी घड्याळ बघितलं. "नमाज का टाइम होता."

तेवढ्यात बोकडाने मागचे पाय किंचित फाकवले आणि मुतायला लागला.

सावकाश, निवांत, घमेल्याचा हिशेब पुरा करत. धार काट्याच्या पत्र्यावरून खाली मातीत. धार संपता संपता पत्र्यावरचं वजन पुरेसं घटलं; काटा जागा झाला. स्क्रीन उजळली. मी धावत जाऊन पावतीचं बटण दाबलं आणि पावती वाचायला आप्पांच्या हातात दिली.

"शून्य किलो शून्य ग्रॅम!" आप्पा ओरडले.

असा जल्लोष मी आमच्या कोणत्याही चांगल्या यंत्राला मिळालेला ऐकला नाही. एकाने बोराडे साहेबांचं अभिनंदन केलं आणि त्यांनी गोंधळून आभार मानले. बोकड उतरवला, स्क्रीनवर उणे छत्तीस किलो आणि वर काही ग्रॅम. लोक पुन्हा ओरडले.

मग हिरव्या पट्टीचा काटा. बोकड चढला, छत्तीस किलो चारशे. सगळे थांबले, स्क्रीन काळी झाली. या खेपेला पोट हलकं झाल्यामुळे त्याने लगेच पाय बदलले. स्क्रीन उजळली : छत्तीस किलो चारशे. पावती : छत्तीस किलो चारशे. त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरोबर वजनात बघण्यासारखं काय असतं?

सलीमभाईंनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या. "हौ. मशीन सोती थी, मान लिया." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "फुकट का बकरा मैं नहीं खाता, साहब. ईद का है. पर माइकवाले सेठ को एक बार पसीना आना मंगता था." बोराडे साहेबांच्या सदऱ्याची पाठ तोवर पूर्ण भिजली होती.

आप्पांनी तिथेच वीस यंत्रांना होकार दिला. एक अट घातली : रुमाल हलतोय तोवर काट्याने झोपू नये. रुमाल हलतोय हे काट्याला कसं कळवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तूर्त दीड मिनिटाची दहा मिनिटं केली आहेत आणि बॅटरी मोठी दिली आहे. आम्ही तिघे अजून विभागात आहोत.

आता कोणी कोणाला काय दिलं ते. सलीमभाईंनी भागाबाईंना छत्तीस किलो चारशेचे, चारशे ऐंशीच्या भावाने, सतरा हजार चारशे बहात्तर रुपये दिले; त्यातला एक रुपया आधीच दिलेला. बोकडाचं दोन दिवसांचं भाडं चारशे आणि चाऱ्याचे ऐंशी जोशी मॅडमनी आधीच दिले होते. गाडीत बसताना भागाबाईंनी माझी बाही धरली.

"माझं तीनशे ग्रॅम राहिलं."

"कोणतं, मावशी?"

"लाल काट्यावर सातशे व्हतं, हिरव्यावर चारशे झालं. मधी त्यो मुतला. त्यो माझ्यासाठी नाय मुतला, तुमच्या मशीनसाठी मुतला."

मी त्यांना म्हणालो की ते त्यांनीच पाजलेलं पाणी होतं. त्या म्हणाल्या, पाजलं कोणी हा सवाल नाय, कामाला कोणाच्या आलं ते सांगा. मी मनात हिशेब केला. तीनशे ग्रॅम, चारशे ऐंशीच्या भावाने, एकशे चव्वेचाळीस रुपये. बाटलीतलं पाणीसुद्धा इतकं महाग नसतं. पण त्यांच्या म्हणण्यात चूक सापडेना.

एकशे चव्वेचाळीस रुपये रोख, भागाबाईंना, माझ्या खिशातून. व्हाउचर केलं नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते मलाही सुचलं नाही आणि जोशी मॅडमनाही.